दोन बॅटऱ्या आणि एक थिंबल



मी बुऱ्हाणपूरजवळच्या एका गावातला ऑटो-इलेक्ट्रिशियन. आमचा भाग मध्य प्रदेशात येतो, पण घरात बोली मराठी, दुकानात हिंदी आणि तापीच्या काठाने केळीच्या बागा. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी सोडवल्या. या मंचावर माझ्याआधी मोठमोठी माणसं बोलून गेली. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मी एका ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची गोष्ट सांगतो. ती दुरुस्ती मला तीस-बत्तीस वर्षांपूर्वीच करायला हवी होती. ती झाली नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतंच हायवेला टपरीवजा दुकान टाकलं होतं. सामान म्हणजे एक टेस्ट लॅम्प, दोन पक्कडी, पान्यांचा सेट आणि उधारीवर आणलेला बॅटरी चार्जर. मीटर नव्हता. खरं सांगायचं तर मीटर घ्यायची गरजच वाटत नव्हती, कारण मला सगळं येतं असं मला वाटायचं.

एक दिवस शेजारच्या गावचे आबा ट्रॅक्टर घेऊन आले. मॅसी फर्ग्युसन ३५, तीन सिलिंडरचं पर्किन्स डिझेल इंजिन. हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचं. पुढे त्याच घराण्यातले ट्रॅक्टर मद्रासला टॅफेने बनवले, त्यामुळे भारतभर त्याचे भाऊबंद दिसतात. आबांनी तो सेकंडहँड घेतला होता आणि दसऱ्याच्या तोंडावर त्याला नवा लाल रंग दिला होता. रंग इतका ताजा की हात लावायलाही संकोच वाटावा.

आबा म्हणाले, "सेल्फ उठत नाही रे. बॅटरी उतरते."

मी बॅटरीच्या टोकांना वायर लावून ठिणगी पाहिली. ठिणगी मरतुकडी होती. म्हटलं, "आबा, बॅटरी गेली. नवी टाका." त्यांनी टाकली. ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू झाला, आबा खूश, मीही खूश. नव्या बॅटरीवर मला कमिशन होतं, हेही सांगून टाकतो.

तीन आठवड्यांनी आबा परत. "उतरली." मी ॲमीटरकडे पाहिलं. काटा कधी चार्जकडे जायचा, कधी शून्यावर मरून पडायचा. डायनामोला हात लावला तर चटका बसला. चार्ज करत नसलेला डायनामो एवढा गरम का होतो, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. पडला नाही. मी कार्बन बदलले, पट्टा ताणला आणि सांगितलं, "ही बॅटरी खराब निघाली. दुसऱ्या कंपनीची घ्या." आबांनी दुसरी घेतली. त्या वर्षी केळीला भाव नव्हता.

दीड महिन्याने तीही उतरली. तिसऱ्यांदा आबा माझ्याकडे आले नाहीत. त्यांनी शेतकऱ्याचा उपाय केला. ट्रॅक्टर उतारावर लावायचा, चाकाखाली दगड, सकाळी दगड काढायचा आणि गिअरमध्ये ढकलून सुरू करायचा.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, म्हणून चार्जिंग बिघडलं की आज ना उद्या गाडी थांबते आणि मालकाला दुरुस्ती करावीच लागते. या जुन्या डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की तापते, त्यात पंप डिझेल फवारतो आणि ते पेटतं. पंप इंजिनवरच फिरतो. विजेचं काम फक्त सेल्फ आणि दिवे. त्यामुळे चार्जिंग बंद असलेला ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालतो आणि आपल्याला वाटतं, चाललंय की! पण तो रात्री रस्त्यावर दिव्यांशिवाय चालतो, आणि सकाळी उतारावर दगडाच्या भरवशावर उभा असतो.

एका पहाटे आबा चाकाखालचा दगड काढत होते. ट्रॅक्टर अंदाजापेक्षा आधी सुटला. मागचं चाक त्यांच्या पायावरून गेलं. पाय वाचला, पण घोट्यातून कायमचा वाकडा झाला. मी भेटायला गेलो. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. उलट चहा दिला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतंच, कारण चूक माझी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पण काहीतरी सुटलंय एवढं आतून वाटत राहिलं. पुढच्याच महिन्यात मी कर्ज काढून मीटर घेतला.

तो ट्रॅक्टर आबांच्या भावाने चार-पाच वर्षं धक्का मारून चालवला. मग तो शेडमध्ये उभा राहिला.

आता मधली वर्षं सोडून देतो. काही वर्षांपूर्वी आबांची मुलगी माझ्या दुकानात आली. ती शिक्षिका आहे, खांडव्याला असते. म्हणाली, "काका, आबांचा ट्रॅक्टर चालू करायचाय. इंजिन झालं, पंप झाला. नवी बॅटरी टाकली, सेल्फही फिरतो. पण चार्जिंग नाही. सगळे म्हणतात, डायनामो फेकून अल्टरनेटर लावा."

मी म्हटलं, "मग लाव की. अल्टरनेटर चांगलाच असतो. कमी फेऱ्यांवरही चार्ज करतो."

ती म्हणाली, "आबांना तो होता तसा सुरू झालेला बघायचाय. आणि मला हे बघायचंय की तो बिघडला कशाने. घरात आजवर कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मीटर घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो. आबा खाटेवर बसून बघत होते.

आता जे केलं ते क्रमाने सांगतो. तुमच्याकडे असा जुना ट्रॅक्टर असेल तर हाच क्रम धरा.

पहिली बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२ च्या आसपास असती तर आधी चार्जरवर लावली असती, कारण उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीही तपासणी फसवते. पण बॅटरी बघताना एक गोष्ट डोळ्यांत आली. निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं होतं. आजच्या सगळ्या गाड्यांत तसंच असतं, म्हणून बसवणाऱ्याने तसं बसवलं. पण त्या काळातल्या ब्रिटिश यंत्रांत पुष्कळदा पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं, आणि या ट्रॅक्टरवर तसंच होतं.

बॅटरी अशी उलटी लावली तर काय होतं? सेल्फला फरक पडत नाही. त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांतला करंट एकदम उलटतो, त्यामुळे तो त्याच दिशेने फिरतो. बल्बलाही फरक नाही. पण डायनामोच्या लोखंडात जुन्या दिशेचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं आणि तो जुन्याच दिशेने वीज बनवतो. त्याचा व्होल्टेज चढला, कटआउट जुळला, की बॅटरी आणि डायनामो एकमेकांना भरण्याऐवजी एकापुढे एक जोडले जातात. मोठा करंट वाहतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात. या ट्रॅक्टरचं नशीब असं की डायनामो मेलेला होता. तो वीजच बनवत नव्हता, म्हणून कटआउट वाचला.

दुसरा पट्टा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबायला हवा. ढिला असेल तर घसरतो, फार ताणला तर डायनामोचं बुश खातो. इथे ठीक होता.

तिसरा डायनामो. लुकास पद्धतीच्या या डायनामोला दोन टोकं असतात. मोठं डी, म्हणजे आउटपुट. लहान एफ, म्हणजे फिल्ड. दोन्ही वायरी काढल्या. डी आणि एफ एका तारेने एकत्र जोडले. मीटरचं एक टोक त्या तारेला, दुसरं डायनामोच्या बॉडीला. इंजिन सुरू करून हळूहळू वेग वाढवायचा. चांगला डायनामो थोड्याच वेगात २० व्होल्टपर्यंत चढतो. तिथे थांबायचं, रेस करत बसायचं नाही. काहीच आलं नाही तर कार्बन बघायचे. अर्धा-एक व्होल्ट आला तर फिल्डवर संशय घ्यायचा. चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर.

आमचा शून्यावर होता. डायनामो खाली काढला. एक कार्बन होल्डरमध्ये गंज आणि धुळीने अडकला होता, कम्युटेटरला टेकतच नव्हता. कम्युटेटर काळा पडलेला. फिल्ड कॉइल मीटरवर सहा ओहमच्या आसपास, म्हणजे शाबूत. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ केला. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. पट्ट्यांमधला अभ्रक ब्लेडने खरवडून थोडा खाली घेतला. कार्बन साधारण ७ मिलिमीटरपेक्षा आखूड झाला की बदलायचा. मी दोन्ही नवे टाकले. मागच्या बुशला तेल दिलं.

चौथी गोष्ट, दिशा. इथे मला ठरवायचं होतं. बॅटरी फिरवून जुन्या पद्धतीने लावायची, की डायनामोला नवी दिशा द्यायची? मी विचार केला, पुढची बॅटरी बदलणारा माणूस निगेटिव्हच बॉडीला लावणार. त्याला हा इतिहास कोण सांगणार? म्हणून बॅटरी तशीच ठेवली आणि डायनामोला नवी दिशा दिली. ते सोपं असतं. डायनामो बसवला, एफची वायर काढलेली ठेवली, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकापासून एक तार आणली आणि डायनामोच्या एफला दोन-तीनदा क्षणभर टेकवली. ठिणगी उडते, लोखंड नव्या दिशेने चुंबकतं, झालं. ॲमीटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, नाहीतर काटा उलटा बोलला असता. आणि बॅटरीच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहिलं: 'निगेटिव्ह बॉडीला'.

पुन्हा चाचणी घेतली. व्होल्टेज चढला, १८ वर मीच थांबवला. मुलगी म्हणाली, "झालं?"

मलाही वाटलं, झालं. वायरी जोडल्या, इंजिन सुरू केलं, ॲमीटरकडे पाहिलं. काटा शून्यावर. वेग वाढवला, तरी शून्य. दहा मिनिटांनी डायनामोला हात लावला.

चटका बसला.

तोच चटका. बत्तीस वर्षांपूर्वीचा. मी इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

डायनामो गरम होतोय म्हणजे त्याच्या फिल्डमधून करंट भरपूर वाहतोय. पण बॅटरीकडे काही जात नाही. म्हणजे मधली डबी काम करत नाही. आमच्याकडे त्या डबीला नुसतं कटआउट म्हणतात, पण तिच्यात दोन वस्तू असतात. एक कटआउट. डायनामोचा व्होल्टेज १३ च्या आसपास चढला की तो बॅटरी जोडतो आणि इंजिन मंद झालं की तोडतो, नाहीतर बॅटरी उलट डायनामोत रिकामी होईल. दुसरा रेग्युलेटर. व्होल्टेज जास्त चढला की तो फिल्डचा करंट कमी करतो. दोन्ही चुंबकाने काम करतात, आणि दोन्हींच्या व्होल्टेज मोजणाऱ्या कॉइलचं दुसरं टोक डबीच्या ई या टोकातून बॉडीला जातं. ई म्हणजे अर्थ.

आता बघा. ई तुटलं तर कटआउटच्या कॉइलमधून करंट जात नाही, तो जुळत नाही, बॅटरीला काही मिळत नाही. रेग्युलेटरच्या कॉइलमधूनही करंट जात नाही, म्हणून तो डायनामोला आवरत नाही. डायनामो मोकाट सुटतो, तापतो, आणि तरी बॅटरी उपाशी. एका वायरीने दोन्ही लक्षणं.

मीटरचं एक टोक डबीच्या ई ला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चालू इंजिनवर इथे शून्य यायला हवं. काटा १४ च्या पुढे गेला.

ई ची वायर हाताने चाचपत गेलो. ती डॅशबोर्डखाली एका बोल्टला जात होती. वायर अखंड, थिंबल घट्ट, दिसायला काही दोष नाही. बोल्ट सोडला. थिंबलखाली लाल रंगाचा जाड थर होता. वायर सोडून रंग दिला होता आणि वाळल्यावर थिंबल त्या रंगावर बसवलं होतं. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क व्हायचा तेवढाच. धक्क्याने कधी व्हायचा, कधी नाही. म्हणून तेव्हा काटा कधी चालायचा आणि कधी मरायचा. नंतर आट्यांत गंज चढला आणि तोही बंद झाला.

तो दसऱ्याचा रंग होता. मला दाखवायला आणला तेव्हा ज्याचं मी कौतुक केलं होतं, तोच.

रंग खरवडून लोखंड चकाकेपर्यंत घासलं. थिंबल घासलं, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन. सगळं मिळून दहा मिनिटं. आठ आण्यांचा वॉशर.

इंजिन सुरू केलं. काटा उठला आणि चार्जच्या बाजूला गेला, आठ अँपिअरवर. अर्ध्या तासात बॅटरी भरत आली तसा हळूहळू खाली आला. बॅटरीवर १४.२ व्होल्ट. खात्रीसाठी डबीची बॅटरीकडची वायर काढून रेग्युलेटरही तपासला. या जुन्या डब्यांत तेव्हा १६ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, उन्हाळ्यात थोडे कमी. ते बरोबर होते, म्हणून स्क्रूला हात लावला नाही. डायनामो कोमट होता. दिवे लावले, शेडची भिंत उजळली.

मुलीने विचारलं, "काका, मग नेमकं काय बिघडलं होतं?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. कार्बन अडकला होता, हे खरं उत्तर होतं. कुणालाही पटलं असतं आणि मी घरी गेलो असतो. पण ते नंतरचं, उभं राहून झालेलं दुखणं होतं. पहिलं दुखणं हे थिंबल होतं.

मी आबांच्या खाटेजवळ बसलो. सांगितलं, "आबा, तुमच्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. डायनामोही चांगला होता. ही वायर मी बघायला हवी होती. मला ते तपासता येत नव्हतं, आणि येत नाही हे मी तुम्हाला सांगितलं नाही. वर कमिशन घेतलं."

आबा बराच वेळ थिंबलकडे बघत होते. मग विचारलं, "दोन बॅटऱ्यांचे तेव्हा किती झाले होते?"

मी सांगितले. मला आकडा पाठ होता.

"आजचे किती होतील?"

मी आजच्या दोन बॅटऱ्यांचा भाव सांगितला आणि दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे नेऊन दिले. मला वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी घेतले. मोजून घेतले. म्हणाले, "बॅटरीचे फिटले. पायाचे तू देऊ शकत नाहीस, ते राहू दे." मग काठी टेकत उठले, ट्रॅक्टरवर चढायला त्यांना दोघांनी आधार दिला, आणि त्यांनी स्वतः सेल्फ मारला. सपाट जमिनीवर.

मंडळी, माफी मिळाली की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्यानंतर दुकानात एक नियम केला. मोजल्याशिवाय बॅटरी विकायची नाही. आणि जे कळत नाही ते गिऱ्हाइकाला तसंच सांगायचं, "मला कळलं नाही, दुसऱ्याला दाखवा." पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं तुटली. पुढे तीच परत आली.

तुम्ही ट्रॅक्टरवाले असाल, कार किंवा मोटरसायकलवाले असाल, बडोद्याला असा की बेळगावला, माझ्याकडून एवढं घेऊन जा. कुणी बॅटरी बदला म्हटलं तर आधी तीन आकडे मागा. इंजिन बंद असताना बॅटरीवर किती व्होल्ट? इंजिन चालू असताना किती? आणि चालू असतानाच, बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकापासून इंजिनच्या उघड्या लोखंडापर्यंत, आणि जुना डायनामो असेल तर डबीच्या ई पासून, किती? पहिला १२.६ च्या जवळ, दुसरा १४ च्या जवळ आणि तिसरा शून्याच्या जवळ हवा. पाच मिनिटांचं काम आहे. आकडे सांगता आले नाहीत तर तो मिस्त्री वाईट नाही, पण त्याच्याकडून बॅटरी घेऊ नका.

आणि ट्रॅक्टरला रंग दिलात तर अर्थच्या बोल्टखालचा रंग आठवणीने खरवडा.

शेवटची एक विनंती. कुणाच्या दारात उतारावर दगड लावून उभा असलेला ट्रॅक्टर दिसला, तर विचारा, "चार्जिंग गेलंय का?" तो दगड कुणीतरी रोज पहाटे वाकून काढत असतो.